तुप्पु

इंजिनाचं हेड छोट्या हत्तीतून उतरलं
अशोक चौकामागच्या बोळात,
तेव्हा ते हेड आहे हे
फक्त राजेशम मास्तरांना दिसलं.
मला दिसलं एक ढेकूळ,
वळसंगकडच्या विहिरीतून काढलेलं,
सत्तावीस वर्षं गाळात बसलेलं.
बोट लावलं की पापुद्रे,
पापुद्र्याखाली भुकटी,
भुकटीखाली पुन्हा पापुद्रे.

"तुप्पु," मास्तर म्हणाले.
आयटीआय करून कामाला लागल्याचा माझा चौथा दिवस.
तेलुगू येत होती ती शिव्यांपुरती.
मला वाटलं, तूप म्हणतायत.
आळंदकडचा ड्रायव्हर हसला,
"तुप्प नव्हे हो, तुक्कु."
त्याच्याकडे तूप म्हणजे तुप्प, गंज म्हणजे तुक्कु.
मास्तरांकडे गंजच तुप्पु, आणि तूप नेय्यि.
एका लोखंडाभोवती आम्ही तिघं,
आणि ढेकूळ गप्प.

मी छिन्नी उचलली.
"ए फिटर, ठेव ती.
बीड आहे हे. बीड वाकत नाही, कुरकुरत नाही,
सरळ तुटतं.
याला मारायचं नसतं. भिजत घालायचं."

कारखान्यावरून मळी आणली, दोन कॅन,
एकास नऊ पाणी,
निळ्या पिंपात बांबूने ढवळली,
हेड तारेला बांधून आत सोडलं.
पिस्टन मात्र बाजूला ठेवला.
तो अॅल्युमिनियमचा, मळी त्याला खाऊन टाकेल.

मग काही नाही.
एप्रिल. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
पिंपाला फेस आला, आंबूस, गोडसर.
समोर विड्या वळणाऱ्या चिलका मावशी म्हणाल्या,
पानाला वास लागतोय, मुकादम छाट काढेल.
मी झाकणावर ओलं गोणपाट टाकलं.
मुंग्या आल्या, मधमाश्या आल्या,
एक पोरगं येऊन विचारून गेलं,
इथं काकवी मिळते का?

मी रोज झाकण उचलून बघायची.
मास्तर म्हणायचे, भाकरी आहे का ती,
सारखी उलटायला?

बाविसाव्या दिवशी काढलं.
पाण्याचा मारा, तारेचा ब्रश,
काळा चिखल ओघळून नालीत गेला
आणि खालून राखाडी,
ओल्या पाटीसारखं.
मग ओतीव आकडे वर आले,
एक, तीन, आणि उलटा पडलेला चार,
कुणा साचेवाल्याने घाईत बसवलेला.
व्हॉल्व्हच्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा.
माझा अंगठा त्यात बरोबर बसला.

"बघत काय बसलीस? हवा लागली की लाली येते!"
ते बोलेपर्यंत कडेला नारिंगी फुटलंच होतं,
धुतल्या हातावर मेंदी दिसते तेवढं.
उकळतं पाणी, मग टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या,
मग ऑइल, कोपरापर्यंत.

संध्याकाळी जॅकेटमध्ये पाणी भरून ठेवलं.
दोन मिनिटं कोरडं.
मग एक थेंब,
जिथे गंज सगळ्यात जाड होता तिथून.
ते भोक गंजानेच धरून ठेवलेलं.
बावीस दिवस खपून
आम्ही ते मोकळं केलं होतं.
मी मास्तरांकडे बघितलं.
त्यांनी थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला.
"गोड आहे अजून. नीट धुतलं नाहीस.
धू, आणि पाव इंची ड्रिल आण."

तांब्याची खुंटी बसवली त्यांनी.
या वेळी हातोडा लागला,
पण इतका बेताने
की मावशींच्या हातातला दोरा थांबला नाही.

रात्री आईने विचारलं,
भाकरीला तूप लावू?
लाव म्हणाले,
आणि हात धुवायला
पुन्हा उठले.